वेल्क्रोची पट्टी आणि पंधरा जोड्या: वर्गातल्या स्टाफला आवड तपासायला शिकवण्याचं एक प्रकरण

आधीच सांगून टाकते, हे प्रकरण एका ठरावीक शाळेचं किंवा एका ठरावीक मुलीचं नाहीये. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वर्गात पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका प्रकरणात गुंफल्यात, म्हणजे कोणाची ओळख पटायचा प्रश्न नको.

तर मुलगी नऊ वर्षांची. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी), उजवी बाजू कमजोर, व्हीलचेअरवर, बोलता येत नाही, बौद्धिक अक्षमताही आहे. हाताला आणि पायाला स्प्लिंट, म्हणजे वेल्क्रोच्या पट्टीने बांधायचे आधार. वर्गात एक विशेष शिक्षिका, दोन मदतनीस मावशी, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट. तिच्यासाठी यंदा ठरलेलं ध्येय अगदी साधं, मोठं बटण दाबून वर्गातल्या गोष्टीत भाग घ्यायचा. बटण दाबलं की रेकॉर्ड केलेलं वाक्य वाजतं आणि गोष्ट पुढे सरकते. डाव्या हाताने तिला ते जमतं हे फिजिओने दाखवून दिलं होतं. पण ती दाबायचीच नाही. एखाद्या दिवशी एकदा दाबलं तर दाबलं, नाहीतर मान फिरवून खिडकीकडे.

बक्षीस नव्हतं असं नाही हां. भिंतीवर सगळ्या वर्गाचा स्टिकरचा तक्ता होता, तिच्या नावापुढेही स्टिकर लागायचे, "शाब्बास" म्हणून टाळ्या वाजायच्या, आणि गाणं वाजणारं एक खेळणं होतं ते तिच्यासमोर लावायचे. आधी चॉकलेटही द्यायचे, पण तिला गिळायला त्रास होतो म्हणून ते बंद केलं, आणि ते बरंच केलं, कारण अशा मुलाला खायची कुठलीही वस्तू बक्षीस म्हणून द्यायची तर आधी गिळण्याची तपासणी झालेली हवी, नाहीतर तो विषयच काढू नये. शाळेच्या फाइलमध्ये निष्कर्ष लिहिलेला होता, "प्रेरणेचा अभाव." मला हे वाक्य वाचलं की चीड येते. मुलीत अभाव आहे की आपण समोर ठेवलेल्या वस्तूत, हे कोणी तपासलं होतं?

शिक्षिकेचं म्हणणं होतं की तपासायचं काय त्यात, मी तिला इतकी वर्षं बघतेय, तिला गाणं आवडतं. आता हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण यात शिक्षिकेचा दोष नाही. आपल्या सगळ्यांचंच असं होतं. १९८८ मध्ये ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र अक्षमता असलेल्या लोकांबरोबर हेच करून बघितलं होतं. स्टाफला विचारलं की यांना काय आवडतं, आणि मग पद्धतशीर तपासणी करून बघितलं की ते स्वतः कशाकडे वळतात, तर दोन्ही याद्या जुळल्या नाहीत. रोज बरोबर असणाऱ्या माणसाचा अंदाजही शेवटी अंदाजच असतो, विशेषतः मूल बोलत नसेल तर. आपण तिचं हसू बघतो आणि ते कशासाठी होतं हे आपल्या मनाने ठरवतो.

पहिलं ट्रेनिंग, जे सगळ्यांना समजलं आणि कोणालाच जमलं नाही

शाळेने आधी एक कार्यशाळा घेतली होती. स्लाइड्स, व्याख्या, शेवटी छोटी चाचणी. जोडी पद्धत म्हणजे काय हे सगळ्यांनी बरोबर लिहिलं, शिक्षिकेनेही, दोन्ही मावशींनीही. पद्धत तशी सोपी आहे, १९९२ मध्ये फिशर आणि सहकाऱ्यांनी मांडलेली. समजा सहा वस्तू आहेत, तर प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूबरोबर एकदा ठेवायची, म्हणजे १५ जोड्या होतात. मूल ज्याच्याकडे हात नेतं ती वस्तू थोडा वेळ द्यायची, नोंद करायची, पुढची जोडी. शेवटी प्रत्येक वस्तू किती वेळा समोर आली आणि त्यातल्या किती वेळा निवडली ते बघायचं. बस.

पण कागदावर सोपं ते टेबलावर सोपं नसतं. कार्यशाळेनंतर मी वर्गात बसून बघितलं तेव्हा एक मावशी वस्तू ठेवताना "हे बघ बाळा किती छान" म्हणत एकच वस्तू हलवून दाखवत होत्या. दुसऱ्या मावशी मुलीने निवडलं की टाळ्या वाजवायच्या आणि त्यांच्या मनातली वस्तू घेतली की जास्त जोरात. शिक्षिका घाईत, दोन सेकंदात हात आला नाही की वस्तू उचलून "नाही आवडलं" अशी नोंद. या मुलीला हात उचलून नेम धरून न्यायलाच त्यापेक्षा जास्त वेळ लागतो! आणि चाचणीत मात्र तिघींना पैकीच्या पैकी.

स्टाफ ट्रेनिंगचा नेहमीचा घोळ हाच. ऐकून समजतं, करताना हात जुन्याच सवयीने चालतात. म्हणून नंतरचं ट्रेनिंग मी वेगळ्या पद्धतीने केलं, चार भाग असतात त्याचे: थोडक्यात सांगणं, करून दाखवणं, त्यांच्याकडून करवून घेणं, आणि लगेच तिथल्या तिथे काय बरोबर काय चूक ते सांगणं. शेवटचे दोन भाग ठरलेल्या पातळीपर्यंत पोचेस्तोवर परत परत. सांगणं अक्षरशः एका पानावर आणलं, फोटोंसकट. मावशींना लांबलचक नोट्स देऊन उपयोग नाही, आणि खरं सांगायचं तर शिक्षिकांनाही नाही.

पानावर काय होतं ते सांगते कारण लोक हेच विचारतात. तपासणीआधी प्रत्येक वस्तू तिला हाताळायला, ऐकायला द्यायची, माहीतच नसेल तर निवडणार कशी. दोन वस्तू सारख्या अंतरावर. कुठली वस्तू कुठल्या बाजूला ते पत्रकात आधीच लिहिलेलं, आलटून पालटून. तोंडाने फक्त "एक घे." नजर मुलीच्या चेहऱ्यावर, वस्तूंवर नाही. मूळ पद्धतीत ५ सेकंद थांबतात, आपण हिच्यासाठी फिजिओला विचारून १५ केले. दोन्हीकडे हात गेला तर हलकेच थांबवून परत ठेवायचं. कशाकडेच नाही गेला तर दोन्ही वस्तू पुन्हा एकेक करून अनुभवायला द्यायच्या, परत ठेवायच्या, तरी नाही तर "काही नाही" लिहून पुढे. निवडल्याबद्दल शाबासकी नाही. आणि बाजूची नोंद वेगळ्या रकान्यात, डावी का उजवी. हा शेवटचा रकाना कार्यशाळेच्या पत्रकात नव्हताच, आणि पुढचं सगळं प्रकरण त्याच्यावरच फिरलं.

सरावाला आधी मुलगी नाही, मीच व्हीलचेअरमध्ये. मी दोन्ही वस्तू ओढायचे, मधेच मान टाकायचे, एखादी वस्तू खाली ढकलायचे, कधी नुसतीच बघत बसायचे. मावशींना सुरुवातीला हसू आवरेना. पण याने फायदा असा होतो की अवघड प्रसंग खऱ्या मुलीवर पहिल्यांदा येत नाही आणि चुकलं तर तिला त्रास नाही. एकदा जोडी ठेवून झाल्यावर मी विचारलं,

"मावशी, आत्ता तुम्ही कुठे बघत होतात?"

"तुमच्याकडेच की मॅडम."

मग मोबाइलवरचं रेकॉर्डिंग दाखवलं. त्या सरळ सरळ गाण्याच्या खेळण्याकडे बघत होत्या, वर भुवया उंचावून. त्यांनाच पटेना. "अगं बाई, मी तर सांगितल्यासारखंच केलं!" यापुढे त्यांना हे परत सांगावं लागलं नाही. दहा स्लाइडनी जे झालं नसतं ते त्या छोट्या क्लिपने केलं. पातळी अशी ठरवली होती की पानावरच्या पायऱ्यांपैकी ९० टक्के तरी बरोबर, तेही लागोपाठ दोनदा, मगच मुलीसमोर बसायचं. त्या मावशी सगळ्यात आधी पोचल्या. शिक्षिकेला वेळ लागला, कारण त्यांची मदत करायची सवय जास्त मुरलेली, मुलीचा हात जरा रेंगाळला की त्यांचा हात आपोआप कोपराखाली जायचा.

यादीत काय ठेवायचं

ही पायरी बरेच जण उरकून टाकतात. कपाटात जे आहे ते घेतात, आणि मग सहा नावडत्या वस्तूंमधली सगळ्यात कमी नावडती वस्तू शोधून काढतात. तपासणी फक्त समोर ठेवलेल्यातूनच सांगू शकते. म्हणून आधी आईवडिलांशी, आणि मुलीला आंघोळ, कपडे, जेवण, गाडीत बसवणं यात जी माणसं हात लावतात त्या सगळ्यांशी बोलायचं. नुसतं "काय आवडतं" असं न विचारता बघण्यातलं, ऐकण्यातलं, स्पर्शाचं, हलण्याडुलण्याचं, माणसांबरोबरचं, असं वेगवेगळं विचारायचं. आणि "ते थांबवलं की ती काय करते?" हा प्रश्न तर विचारायचाच. हसते का यापेक्षा थांबवल्यावर परत मागते का, हात ओढते का, याने जास्त कळतं.

या बोलण्यात दुसऱ्या मावशी, ज्या एरवी गप्प असायच्या, त्या म्हणाल्या, "स्प्लिंट काढताना ती खर्रकन आवाज येतो ना पट्टीचा, तेव्हा ती हसते. मी मुद्दाम दोनदा काढते कधीकधी." मी विचारलं हे आधी कोणाला सांगितलं होतं का. "मला कोणी विचारलंच नाही." आणि खरंच, मीटिंगला मदतनिसांना बोलवायची पद्धतच नव्हती, त्या वेळी त्या दुसऱ्या मुलांना सांभाळत असायच्या. जी बाई दिवसातून कितीतरी वेळा मुलीचे स्प्लिंट काढते-घालते तिच्याकडचं निरीक्षण फाइलपर्यंत पोचायला वाटच नव्हती. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक ही, स्टिकरचा तक्ता नाही.

यादी ठरली: वेल्क्रोची पट्टी (स्प्लिंटची नाही, वेगळी, दोन लाकडी तुकड्यांवर चिकटवलेली), कंपन होणारी छोटी उशी, साबणाचे फुगे, गाण्याचं खेळणं, चकचकीत कागद, हातात धरायचा पंखा.

सगळंच सारखं आवडतं?

पहिली खरी तपासणी झाली, मावशींनी केली, पायऱ्या जवळपास सगळ्या बरोबर. आणि निकाल बघून सगळ्यांचा चेहरा पडला. प्रत्येक वस्तू ५ जोड्यांत येते, तर तीन वस्तू ५ पैकी ३ वेळा निवडलेल्या आणि तीन वस्तू ५ पैकी २ वेळा. म्हणजे सगळं निम्म्याच्या आसपास. शिक्षिका म्हणाल्या बघा, तिला फरकच पडत नाही, मी म्हणत होते ना. असा सपाट निकाल आला की लोक इथेच थांबतात आणि फाइलमध्ये "निश्चित आवड आढळली नाही" असं लिहून मोकळे होतात.

मी त्यांना बाजूचा रकाना वाचायला सांगितला. डावी, डावी, डावी, डावी... १५ च्या १५ डावी.

बाजू आलटून पालटून बदलत होती म्हणूनच प्रत्येक वस्तू निम्म्या वेळा डावीकडे आली आणि निम्म्या वेळा निवडली गेली. ती वस्तू निवडतच नव्हती, ती जागा निवडत होती. आता जागेची सवय बऱ्याच मुलांना असते, पण हिच्या बाबतीत कारण शरीराचं होतं. उजवा हात येत नाही, डावा हात शरीराची मध्यरेषा ओलांडून उजवीकडे न्यायला भयंकर कष्ट. उजवीकडची वस्तू तिच्यासाठी जवळजवळ नव्हतीच. शिवाय अशा मुलांमध्ये कधीकधी एका बाजूचं दिसतही नाही, त्यामुळे नजरेचं आधी तपासून घ्यावं लागतं. तिचे जुने रिपोर्ट काढले, डोळ्यांच्या डॉक्टरांनी तसं काही नाही असं लिहिलेलं होतं.

फिजिओला बसवलं. तिने ट्रेवर खडूने एक अर्धगोल काढला, जिथपर्यंत डावा हात आरामात जातो तो. दोन्ही वस्तू त्या अर्धगोलात, ट्रेच्या डाव्या भागातच, मध्ये वितभर अंतर. बसण्याची पोझिशन बदलली, कंबरेचा पट्टा नीट केला, कारण धड डगमगत असेल तर हात तोल सांभाळण्यातच जातो. आणि परत तपासणी, दुसऱ्या दिवशी सकाळी, ती ताजी असताना.

या वेळी ८ वेळा डावी, ७ वेळा उजवी. वेल्क्रो ५ पैकी ५. कंपनाची उशी ५ पैकी ४. फुगे, गाण्याचं खेळणं आणि कागद प्रत्येकी २. पंखा शून्य, पंख्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. शेजारी बसून शिक्षिका स्वतंत्र नोंद करत होत्या, दोघींची नोंद १५ पैकी १४ जोड्यांत जुळली, म्हणजे ९३ टक्के, चांगलीच म्हणायची. जी जुळली नाही तिथे हात दोन वस्तूंच्या मधोमध पडला होता, त्यावर दोघी बराच वेळ वाद घालत बसल्या आणि मला मनातून फार बरं वाटलं, कारण नोंदीवरून वाद घालणारा स्टाफ म्हणजे खरंच बघणारा स्टाफ.

गाण्याचं खेळणं मधल्या रांगेत आलं यावर शिक्षिका जरा गप्प झाल्या. नंतर म्हणाल्या, कदाचित मलाच ते गाणं आवडत असेल.

आवडतं म्हणजे त्यासाठी काम करेल असं नाही

इथे अजून एक पायरी राहते आणि बहुतेक ट्रेनिंगमध्ये ती गाळतात. फुकट मिळताना जे निवडलं ते मेहनत केल्यावर मिळत असेल तेव्हाही हवंसं वाटेलच असं नाही. म्हणून बटणाच्या कामावरच छोटी चाचणी घेतली. काही मिनिटं बटण दाबल्यावर नुसतं रेकॉर्डिंग वाजणार, काही मिनिटं दाबल्यावर लगेच वेल्क्रोचा आवाज, काही मिनिटं दाबल्यावर गाण्याचं खेळणं. क्रम रोज बदलायचा. हे महत्त्वाचं, कारण ही मुलगी दमते, आणि वेल्क्रो नेहमी शेवटी आलं असतं तर दमण्यालाच नावड समजून बसलो असतो.

नुसत्या रेकॉर्डिंगला ती आधीसारखीच खिडकीकडे. गाण्याला थोडं बरं. वेल्क्रोला मात्र ती बटण दाबून मावशींच्या हाताकडे बघायची, आवाज झाला की पूर्ण अंग ताणून हसायची आणि परत हात बटणाकडे. मधे उशीर झालेला मात्र तिला चालत नव्हता. बटण आणि आवाज यात दोन-तीन सेकंद गेले तरी नातं तुटायचं. त्यामुळे मावशींना परत थोडा सराव, पट्टी आधीच अर्धी उघडून हातात तयार ठेवायची, शोधत बसायचं नाही.

एक शंका मला होती, की ती वेल्क्रोसाठी करतेय की मावशींसाठी? मावशी पट्टी ओढताना नकळत स्वतःही हसायच्या. मग काही वेळा पट्टी शिक्षिकेने, चेहरा साधा ठेवून ओढली. तरी दाबणं चालू राहिलं, जरा कमी. म्हणजे दोन्हीचा वाटा आहे. असला तर असू दे, माणसाचं हसू बक्षीसात मिसळलेलं असणं चांगलंच आहे, फक्त आपल्याला माहीत असावं, नाहीतर त्या मावशी रजेवर गेल्या की "पुन्हा प्रेरणेचा अभाव."

मग नेहमीचं झालं. वेल्क्रो चालतंय म्हटल्यावर सगळे वेल्क्रो वाजवायला लागले. गाडीतून उतरताना, जेवायच्या आधी, रडली तर, उगीच गंमत म्हणून. दोन आठवड्यांत तिने बटण दाबणं कमी केलं. दिवसभर जे फुकट मिळतंय त्यासाठी हात का ताणायचा? यावर ठरलं की लाकडी तुकड्यांवरची पट्टी फक्त गोष्टीच्या तासाला, एरवी कपाटात, आणि तासातसुद्धा ती उशीबरोबर आलटून पालटून.

यात एक रेघ मात्र स्पष्ट आखली आणि लेखी दिली. स्प्लिंट वेळच्या वेळी निघणार, त्वचा बघितली जाणार, तेव्हा आवाज व्हायचा तो होणारच, तो बटणाशी बांधायचा नाही. पाणी, जेवण, टॉयलेट, पोझिशन बदलणं, विश्रांती, तिचा सांगण्या-बोलण्याचा चित्रांचा बोर्ड, यातलं काहीही "आधी काम मग हे" मध्ये येणार नाही. ट्रेनिंगमध्ये कोणीतरी हमखास विचारतं की व्हीलचेअरमधून गादीवर झोपवणं तिला फार आवडतं, तेच बक्षीस ठेवूया का. नाही ठेवायचं. तिच्या पाठीला लागतं म्हणून तिला ते आवडतं, ते तिला मिळायलाच हवं.

सध्या काय चालू आहे

पूर्ण १५ जोड्या रोज घेणं शक्य नाही, वर्गात बाकी मुलं आहेत. त्यामुळे गोष्टीच्या तासाआधी फक्त वरच्या दोन-तीन वस्तू ट्रेवर ठेवून "एक घे", अर्ध्या मिनिटात होतं, त्या दिवशी जे घेईल ते त्या तासाचं बक्षीस. पूर्ण तपासणी अधूनमधून, आणि बटण दाबणं अचानक घसरलं तर लगेच. मागच्या पूर्ण तपासणीत उशी पहिली आली, वेल्क्रो दुसरं. आईने घरून एक प्लास्टिकची कुरकुरीत पिशवी सुचवलीय ती पुढच्या यादीत पंख्याच्या जागी जाणार.

सगळ्या वस्तू एकदम ओळीत मांडायची आणि निवडलेली परत न ठेवता पुढे जायची पद्धतही आहे, १९९६ ची, डीलिऑन आणि इवाटा यांची, ती वेळ वाचवते. वर्गातल्या दुसऱ्या एका मुलासाठी आता तीच वापरतायत कारण त्याचे दोन्ही हात छान चालतात. हिच्या अर्धगोलात इतक्या वस्तू मावत नाहीत, म्हणून हिला जोड्याच. पद्धत मुलाच्या शरीराकडे बघून निवडायची, कार्यशाळेत कुठली शिकवली यावरून नाही.

ज्या मावशी गप्प असायच्या त्यांनी मागच्या महिन्यात नवीन आलेल्या मदतनिसाला शिकवलं. तेच एक पान, स्वतः व्हीलचेअरमध्ये बसून, मोबाइलवर रेकॉर्डिंग करून, आणि ९० टक्क्यांची अट माझ्यापेक्षा कडक लावून. मीटिंगला मदतनिसांपैकी एकीने बसायचंच असं शिक्षिकेने मुख्याध्यापकांकडून मान्य करून घेतलंय, त्या वेळेत बाकीच्या मुलांकडे कोण बघणार याचं वेळापत्रक अजून बसलेलं नाही. स्टिकरचा तक्ता भिंतीवर तसाच आहे, त्यावर दोन मुलं खरंच जीव टाकतात, तपासून बघितलंय.